आमची फटफटी तिसरी आली

परीक्षेत मुलगा नापास झाल्याची वार्ता बाप ज्या मुद्रेने ऐकतो, त्याच मुद्रेने ही वार्ता आम्ही ऐकली. वार्ता आणणारा आमचा भाचा होता. रविवारची सकाळ; टिळकवाडीतील आमच्या घराची ओसरी; पुढ्यात चहाचा दुसरा पेला. भाच्याने मोटारींविषयीच्या एका इंग्रजी मासिकाचा अंक पुढे केला, एका कोष्टकावर बोट ठेवले आणि शक्य तितक्या नम्रपणे तो म्हणाला, "मामा, एवढे जरा पाहा."

कोष्टकात 'ॲडव्हेंचर' जातीच्या तीन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. वजन, वेग, थांबण्याचे अंतर, आसनाची उंची, पेट्रोलचा खप, किंमत अशा एकेका बाबीत त्यांना गुण दिलेले होते, आणि अगदी तळाशी प्रत्येकीचा क्रमांक छापला होता. ज्या फटफटीवर बसून आम्ही आंबोली, चोर्ला, राधानगरी पालथी घातली, जिची धूळ आम्ही दर रविवारी स्वहस्ते पुसतो, तिच्यापुढे ३ हा आकडा होता. तिघींत तिसरी!

त्या फटफटीचे नाव आम्ही येथे सांगणार नाही. त्याचे कारण वाचकांना पुढे कळेल.

आम्ही अंक न वाचताच बाजूस सारला आणि लागोपाठ तीन मुद्दे मांडले. एक, हे लोक कारखानदारांच्या जाहिरातींवर जगतात, त्यांच्या लेखणीचा काय भरवसा? दोन, मुंबई-पुण्याच्या स्वारांना आमच्या जांबोटीचा चिखल काय ठाऊक? तीन, त्यांनी गाडी चार दिवस चालवली, आम्ही सहा वर्षे चालवतो आहोत. भाच्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मामा, तुम्ही लेखाचा पहिला परिच्छेद तरी वाचलात काय?" आम्ही तो वाचलेला नव्हता. तो वाचण्याची गरज आहे असेही त्या घटकेस आम्हांस वाटले नाही.

आता हे खरे, की ही व्याधी एकट्या आमची नाही. बेळगाव ते निपाणी या सुमारे ७५ किलोमीटरांच्या पट्ट्यात ती पिढीजात आहे. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट आणि पलीकडे निपाणी. सुवर्ण चतुष्कोण योजनेत हा रस्ता चौपदरी झाला, त्याच्या पुष्कळ आधीपासून येथे फटफटीवाल्यांचे पंथ आहेत. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेटचा पंथ निघाला. १९६१ साली म्हैसुरात आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला आणि जावाचा पंथ निघाला. पुढे १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाडीस येझदी हे नाव मिळाले. १९८५ साली यामाहाची आर. एक्स. १०० आली, तिचा पंथ तर आजही जुन्या गाडीस नव्या गाडीचे दाम मोजावयास तयार असतो.

आमचे एक काका निपाणीस तंबाखूच्या व्यापारात होते. सुगीच्या दिवसांत चिकोडीच्या बाजूची खेडी ते जावावर पालथी घालीत. त्या गाडीची एक गंमत अशी, की जिने इंजिन सुरू करावयाचे त्याच दांडीने गिअरही बदलावयाचे. लाथ मारून झाली की दांडी आत दाबून पुढे फिरवावयाची. नवख्या माणसाची त्यात फजिती होई. काका मात्र हे त्या गाडीच्या बुद्धिमत्तेचे लक्षण समजत. पेट्रोलात तेल मिसळून घालावे लागे, दोन नळकांड्यांतून निळसर धूर निघे. "धुराने डास जातात," असे काका गंभीरपणे सांगत. त्यांचे एक बुलेटवाले स्नेही होते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. तो उलटा प्रकार हेच खऱ्या पुरुषाचे वाहन असल्याचा पुरावा, असे त्या स्नेह्यांचे मत. दोघे एकमेकांच्या गाडीवर कधी बसले नाहीत. मैत्री मात्र चाळीस वर्षे टिकली.

म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. व्यवहाराच्या दृष्टीने पंथ तेथेच संपावयास हवा होता. सुटे भाग मिळेनात, गाड्या भंगारात निघाल्या. पण पंथ वाढलाच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आजही गावोगावी आपापल्या गाड्या पुसूनपासून एकत्र येतात. जुने नाव २०१८ साली नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणले आणि २०२२ साली येझदीच्या नावाने एक ॲडव्हेंचर गाडीही काढली. मेलेल्या कारखान्याच्या नावास किंमत येते, ती या निष्ठेमुळे. ही निष्ठा थट्टेवारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे.

ॲडव्हेंचर जातीचा जन्म तसा परदेशी. १९८० साली जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्याने आर ८० जी/एस ही गाडी काढली; रानवाट आणि सडक या दोहोंवर चालणारी, असा त्या अक्षरांचा अर्थ. पुढच्याच वर्षी त्या गाडीने पॅरिस-डाकार ही वाळवंटातील शर्यत जिंकली आणि लांब पल्ल्याचे स्प्रिंग, मोठे पुढचे चाक, रुंद हँडल असा हा साज जगभर रूढ झाला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात तो यावयास २०१६ साल उजाडले; त्या वर्षी रॉयल एनफील्डची ४११ सी. सी.ची हिमालयन आली. मग २०१८ मध्ये बी. एम. डब्ल्यू.ची जी ३१० जी. एस., २०१९ मध्ये हीरोची एक लाखाच्या आतली एक्सपल्स, २०२० मध्ये के. टी. एम.ची ३९० ॲडव्हेंचर आणि २०२३ च्या अखेरीस ४५२ सी. सी.ची नवी हिमालयन. आमच्या तरुणपणी साहस रस्त्यात असे. हत्तरगीपाशी पंक्चर झाले की ते आपोआप घडे. आता ते कारखान्यातून जोडून मिळते, एवढाच फरक.

जेथे गाड्या अनेक, तेथे तुलना येणारच. ओव्हरड्राइव्ह १९९८ साली आणि ऑटोकार इंडिया १९९९ साली सुरू झाले, तेव्हापासून हे तुलनेचे शास्त्र आपल्याकडे चांगलेच रुजले. भाचा गेल्यावर पुष्कळ दिवसांनी आम्ही ते समजून घेतले. चांगली कसोटी अशी होते: सर्व गाड्यांच्या टाक्या भरून वजने करावयाची, तेच स्वार, त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर गाड्या आलटून पालटून चालवणार, ठरावीक वेगावरून पूर्ण थांबेपर्यंत किती मीटर लागले ते यंत्राने मोजावयाचे. यात स्वाराच्या प्रीतीला जागा नाही. सकाळी ज्या गाडीवर तो खूष झाला, तिच्यावरून उतरून दहा मिनिटांत तो दुसरीवर बसतो, म्हणून त्याला फरक कळतो. आम्हांस तो कळत नाही. कारण आम्ही दुसरीवर बसतच नाही.

आकडे हे कोरडे असतात असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण एकच आकडा घ्या. जुन्या हिमालयनचे आसन जमिनीपासून ८०० मिलिमीटर उंच, तर २०२० च्या ३९० ॲडव्हेंचरचे ८५५. फरक दोन इंचांहून किंचित अधिक. वाचताना हसू येईल. पण पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे लाल चिखलात गाडी तिरपी होऊ लागली, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाचा पाय जमिनीस टेकतो की हवेत राहतो, हे त्या दोन इंचांवर ठरते. उलट, उंच गाडीची शक्ती अधिक आणि मोकळ्या सडकेवर तिची धाव सुखाची. दोन्ही खरे. कोणास काय हवे ते ज्याने त्याने पाहावे. कोष्टक एवढेच सांगते.

कोष्टकास जे दिसत नाही तेही पुष्कळ आहे. परीक्षकाला गाडी बहुधा कारखानाच देतो, नवीकोरी आणि नीट जुळवलेली. चाळीस हजार किलोमीटरांनंतर साखळी किती ओरडते, सुटा भाग मागवला तर किती आठवडे लागतात, हे चार दिवसांत कळत नाही. काही मासिके एकेक गाडी वर्षभर जवळ ठेवून दीर्घ वापराची टिपणे छापतात, ती याचसाठी. आमच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने असल्यामुळे बाजारात न मिळणारा भाग घडवून देणारा हात येथे सापडतो. हा गुण कोणत्या रकान्यात घालावयाचा? तेव्हा मालकाकडेही ज्ञान असते. ते दीर्घ असते, सोसून मिळवलेले असते. दोष एवढाच, की मालक ते खरेपणाने सांगत नाही.

का सांगत नाही, यावर विद्वानांनी विचार केला आहे. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा या विषयावरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मनात दोन विसंगत गोष्टी नांदू लागल्या की मनुष्य बेचैन होतो आणि त्यांपैकी एकीला वाकवून मेळ बसवतो, असा त्याचा आशय. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नवी मोटार घेतलेले लोक स्वतः घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात; ज्या मोटारींचा विचार करून त्या सोडून दिल्या, त्यांच्या जाहिराती त्या मानाने कमी वाचतात. वस्तुतः खरेदी झाल्यावर जाहिरात वाचण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एकच: 'आपण फसलो नाही' हे स्वतःस पुन्हा पुन्हा सांगणे. आम्ही मासिकाचा अंक बाजूस सारला, तो याच न्यायाने. पैसे आमचे गेले होते. परीक्षकाचे गेले नव्हते. म्हणून त्याला खरे बोलणे परवडले आणि आम्हांस ते परवडले नाही.

येथवरची हकीकत हसण्यावारी नेता आली असती. पुढची नेता येत नाही.

त्याच वर्षी आमच्या एका स्नेह्याने आम्हांस सल्ला विचारला. शहापुरात राहणारा, सालस गृहस्थ. स्कूटरीवरून उतरून प्रथमच मोठी गाडी घेणार होता. कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा; दोघांनी मिळून दर वर्षी फटफटीवरून दर्शनास जावे, अशी त्याची हौस. त्याने विचारले, "तुमची कशी आहे?" आम्ही अर्धा तास बोललो. इंजिनाची गोडी सांगितली, चढणीवरचा दम सांगितला, आसनाचे सुख सांगितले. ब्रेकांविषयी अवाक्षर काढले नाही.

आम्ही खोटे बोललो नाही, हे येथे स्वतःच्या बचावासाठी नमूद करून ठेवतो. आम्हांस ते आठवलेच नाही. आमच्या गाडीचा पुढचा ब्रेक मऊ आहे. लांब उतारावर, मागे माणूस आणि सामान असता तो हवा तितका चावत नाही. पहिल्या वर्षी ते आम्हांस खुपत असे. मग वळणाच्या बरेच आधी गिअर खाली आणावयाचा, मागचा ब्रेक हलका धरून ठेवावयाचा, ही युक्ती अंगवळणी पडली आणि दोष दिसेनासा झाला. निपाणीच्या एका मिस्त्रीपाशी आम्ही एकदा मोठ्या अभिमानाने म्हणालो होतो, "आता ब्रेक सुधारले बघा." त्याने पाना खाली न ठेवताच उत्तर दिले, "गाडी न्हाई सुधारली मालक, तुमास्नी सवय झालीया." आम्ही त्यावर हसलो होतो.

स्नेह्याने आमच्या शब्दावर तीच गाडी घेतली. पुढल्या आषाढात दोघे कवळ्यास निघाले. कणकुंबीस माऊलीचे दर्शन घेतले, मलप्रभेचा उगम पाहिला आणि चोर्ल्याचा उतार सुरू झाला. धुके होते, पाऊस होता. एका डाव्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि त्याच्या अपेक्षेइतकी गाडी मंदावली नाही. वळण हुकले, गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. दरी पलीकडच्या अंगास होती. त्याला खरचटले, वहिनींचे मनगट मोडले.

आम्ही समाचारास गेलो. स्नेही गाडीविषयी काहीच बोलला नाही. पाऊस, धुके, आपला नवखेपणा यांनाच बोल लावीत राहिला. वहिनी हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. चहा त्यांच्या धाकट्या जावेने आणून दिला. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "भावजी, उतारावर जपावे लागते हे आम्हांला ठाऊक असते, तर ह्यांनी सावकाश घेतली असती."

घरी येऊन आम्ही तो जुना अंक शोधून काढला. पहिला परिच्छेद वाचला, सगळा लेख वाचला. आमच्या गाडीच्या इंजिनाची त्यात आमच्याहून सुंदर स्तुती होती. ती तिसरी आली होती मुख्यतः एका रकान्यामुळे: थांबण्याचे अंतर तिघींत सर्वांत अधिक. लेखकाने एक वाक्य स्वतंत्र लिहिले होते, की ओल्या उतारावर मागे माणूस बसवून जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मुंबई-पुण्याच्या ज्या स्वाराला आमचा घाट ठाऊक नाही असे आम्ही म्हणालो होतो, त्याने आमच्या स्नेह्याला सावध करून ठेवले होते. मध्ये आम्ही उभे होतो.

त्या रात्री आम्ही आईपाशी बसून हे सारे सांगितले. आमच्या घरी बाहेरचा व्यवहार मराठीत आणि सुखदुःख कोकणीत, ही जुनी वहिवाट. आईने ऐकून घेतले आणि म्हटले, "गाडी म्हणल्यार देव न्हय, पुता." अधिक काही बोलली नाही.

आम्ही मात्र त्या शब्दांवर पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. आपण ज्या समाजातील, त्याची सारी पुण्याई निष्ठेची आहे. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणली. कोणते दैवत अधिक फलदायी याची तुलना करून त्यांनी ते केले नाही. घरेदारे सुटली, दैवत सोडले नाही. ही वृत्ती आपल्या रक्तात आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. पण देवापुढे आपण स्वतःला अर्पण करतो. यंत्रापुढे, पुष्कळदा, मागे बसलेल्या माणसाला करतो. देवाचे दोष झाकावे लागत नाहीत. यंत्राचे दोष झाकले, तर त्याची किंमत दुसऱ्याचे मनगट देते. निष्ठा चुकीची नव्हती. तिची जागा चुकली होती. आम्हांस निष्ठा ठेवावयाचीच होती, तर आमच्यावर विश्वास टाकून सल्ला विचारणाऱ्या स्नेह्याशी ठेवावयास हवी होती.

मग गाडीवर प्रेम करू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. आम्ही ती विकली नाही. जाड नळ्या आणि चांगले पॅड घालून ब्रेक पुष्कळ सुधारून घेतले. आणि ते काम चालले असता स्नेह्याची गाडीही शेजारी उभी होती, तिचा खर्च त्याने हट्टाने स्वतःच दिला. वहिनींचे मनगट बरे झाले. पावसाळी हवेत अजून ठणकते, असे त्या सांगतात.

गाडीवर प्रेम कसे करावे हे आपल्या खंडेनवमीनेच शिकवून ठेवले आहे, असे आता आम्हांस वाटते. त्या दिवशी आपण वाहन धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हार सर्वांनाच दिसतो. पण त्याआधीचे धुणे जो मन लावून करतो, त्याला तेलाचा पाझर दिसतो, स्पोकला गेलेला तडा दिसतो, झिजलेले टायर दिसते. पूजा करणाऱ्याचे डोळे मिटलेले असून चालत नाही.

गेल्या दसऱ्यास भाच्याने अखेर गाडी घेण्याचे ठरवले. या वेळी विचारावयास तो बिचकत होता. आम्हीच त्याला बोलावले. त्याच्या पुढ्यात दोन गोष्टी ठेवल्या. एक, ताज्या तुलनेचा मासिकाचा अंक. दुसरी, आमची वही. आमच्या गाडीत प्रथम दिवसापासून आजवर जे जे खुपले, मोडले, गळले, आणि ज्याची आम्ही केवळ सवय करून घेतली, ते सारे आठवून आठवून आम्ही तीत लिहून काढले होते. पहिल्या पानावर ब्रेक होता. गुणही लिहिले होते, ते शेवटी.

भाच्याने दोन दिवस दोन्ही वाचले आणि आमचीच गाडी घेतली. इंजिनाच्या गोडीपुढे आपला इलाज चालत नाही, असे तो म्हणतो. मात्र गाडी घरी आणण्याआधी तो ती थेट मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि ब्रेकांचे काम आधी करून घेतले. खंडेनवमीस दोन्ही गाड्या ओसरीपुढे शेजारी उभ्या होत्या. आईने दोहोंस कुंकू लावले. मग भाच्याने वही मागून घेतली आणि खाली कोऱ्या जागेत आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: आरसे कापतात, मागचे नीट दिसत नाही.

सहा वर्षांत ते आमच्या ध्यानात आले नव्हते.